डागातला माणूस

दागेरनं 1838 मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्लचा फोटो काढला. रस्ता वर्दळीचा, फोटोत मात्र ओस. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक जण. फोटोत दिसलेला पहिला माणूस म्हणून कौतुक त्याचंच होतं. त्याच्या पायाशी पॉलिशवाला आहे, पण नुसता अंधुक डाग. त्याचे हात थांबणार कसे? आमच्या धंद्यात अशा डागाला नॉइज म्हणतात आणि काढून टाकतात. मला तोच छळतो.

1895 मध्ये ल्युमिएर बंधूंनी ल्योंमधल्या आपल्याच कारखान्यातून सुटणारे कामगार चित्रित केले. जेमतेम पाऊण मिनिट. (कारखाना फोटोच्या काचा बनवायचा!) आता हलणारी माणसं स्पष्ट दिसतात. पण या फिल्मच्या तीन आवृत्त्या आहेत. म्हणजे कामगार मालकाच्या कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा ‘सुटले’. तिन्ही ओळीनं बघा. एकीत गाडीला एक घोडा, दुसरीत दोन, तिसरीत घोडाच नाही. बायका भराभर निघतात, आणि कॅमेऱ्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. तसं सांगितलेलं असणार.