हळद, मूत्रपिंड आणि ‘पूरक’ हा शब्द

रत्नागिरीतील एका शिक्षक शिबिरात एका बाईंनी विचारले, “आईला मधुमेह आहे. लघवीतून प्रथिने जाऊ लागली आहेत. चालू औषधांना पूरक म्हणून हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का? त्यावर संशोधन झाले आहे म्हणे.”

संशोधन झाले आहे, हे खरे. पण त्यातून काय सिद्ध होते?

दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या बिघडतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत उतरते. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. 2011 मध्ये इराणमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण 40, निम्म्यांना हळदीच्या कॅप्सूल, निम्म्यांना औषधहीन कॅप्सूल. दोन महिन्यांत हळद घेणाऱ्यांच्या लघवीतील प्रथिने घटली. तुलनेसाठी दुसरा गट होता, ही जमेची बाजू. पण रुग्ण थोडे आणि काळ अपुरा. मूत्रपिंड निकामी व्हायला वर्षे लागतात. पुढे कॅनडात मूत्रपिंडविकाराच्या 500हून अधिक रुग्णांवर सहा महिने कर्क्युमिनची चाचणी झाली. अल्ब्युमिन घटले नाही, मूत्रपिंडाचे कामही सुधारले नाही. बाईंच्या कानावर पहिली चाचणी आली होती, दुसरी नाही.

मग वनस्पतींकडून काहीच मिळत नाही का? मिळते. 1835 मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे केले गेले. मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर रक्तात परत शोषली जाते. ते शोषण फ्लोरिझिन रोखते. मात्र पोटात घेतल्यास ते आतड्यातच मोडते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीवर टिकाऊ रेणू घडवले. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनची 4304 रुग्णांवरील चाचणी 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मधुमेही होते. नेहमीची औषधे चालू ठेवून एका गटाला हे औषध, दुसऱ्याला औषधहीन गोळी दिली. मूत्रपिंडाचे काम निम्म्याहून खाली येणे, ते निकामी होणे किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या विकाराने मृत्यू, हा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी कमी झाला. ‘पूरक’ या शब्दाला आधार मिळतो तो असा.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही!’ हा युक्तिवादही तपासावा. आपल्या परसातल्या बिलिंबीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. केरळात कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून तिचा दाट रस पिणाऱ्या दहा जणांची मूत्रपिंडे अचानक बिघडल्याची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. सात जणांना डायलिसिस करावे लागले.

बाईंना मी सांगितले, आमटीतली हळद राहू द्या. आईची औषधे मात्र थांबवू नका आणि डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल देऊ नका. वर्गासाठी चार प्रश्न सुचवतो. ‘संशोधनाने सिद्ध’ असे दिसले की मुलांनी विचारावे: किती जणांवर? किती काळ? कोणाशी तुलना करून? आणि नेमके काय मोजले?