मजकूर आहे, सनद कुठे आहे?

निकाहाच्या मजलिशीत 'कबूल' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा तो कशाचेही वर्णन करीत नसतो. त्या शब्दानेच विवाह घडतो. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वचिंतकाने १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत अशा वाक्यांची मीमांसा केली; त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ साली, ती व्याख्याने ग्रंथरूपात आली. काही वाक्ये सांगतात, काही करतात, असे त्याचे म्हणणे. मात्र करणाऱ्या वाक्याला अटी असतात. बोलणारा त्या जागी असावा लागतो, साक्षीदार लागतात, मेहर ठरावा लागतो. नाटकातल्या 'कबूल'ने कोणाचेही लग्न लागत नाही. पुढे ज्युडिथ बटलर यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हा विचार आणखी ताणला. माणसाची ओळखही अशाच उक्ती-कृतींच्या पुनरावृत्तीतून घडते, असे त्यांनी मांडले. इंग्रजीत याला 'पर्फॉर्मेटिव्हिटी' म्हणतात. आपण 'उक्तीची कर्तृत्वशक्ती' म्हणू.

हा विचार आम्हांला परका नाही. त्याच १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. म्हणजे एखाद्या मुस्लिम लेखकाला मराठीत मानाचे स्थान मिळत नव्हते असे नाही. शेख महंमदांपासून अमर शेख, हमीद दलवाईंपर्यंत लिहिणारे होतेच. नव्हते ते 'आम्ही' म्हणणे. 'मुस्लिम मराठी साहित्य' हे तीन शब्द एकत्र उच्चारले गेले, तेव्हा आधी विखुरलेले काही एक घडून आले. प्रस्थापित समीक्षेने 'असे काही असते का?' म्हणून विचारले. उत्तर उच्चारणाऱ्यांच्या उभे राहण्यात होते. टीका, टोमणे, घरातली आणि बाहेरची नाराजी त्यांनी अंगावर घेतली. आमच्या 'आम्ही'ची किंमत ती आहे.

आता हा 'आम्ही' यंत्रही लिहू लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आले. त्याआधीच, २०२० साली, के. अलाडो-मॅकडॉवेल यांनी जीपीटी-३ शी संवाद साधत 'फार्माको-एआय' हे पुस्तक लिहिले आणि सहलेखन उघडपणे सांगितले. २०२५ साली इटलीत गाजलेल्या 'इप्नोक्रात्झिया', म्हणजे संमोहनसत्ता, या पुस्तकाची गोष्ट निराळी. लेखक म्हणून नाव होते जियानवेई शुन. हाँगकाँगचा तत्त्वचिंतक, मुक्काम बर्लिन. एप्रिलमध्ये 'लेस्प्रेसो' साप्ताहिकाने उघड केले की असा कोणी माणूसच नाही. आंद्रेया कोलामेदिची या इटालियन लेखक-प्रकाशकाने यंत्राशी संवाद करून तो मजकूर सिद्ध केला होता. हा तत्त्वज्ञानाचा प्रयोग होता, असा त्यांचा खुलासा: पुस्तक ज्या भ्रमाविषयी बोलते, तोच भ्रम पुस्तकाने घडवून दाखवला.

युक्तिवाद हुशारीचा आहे. पण आम्ही वेगळ्या जागेवरून विचारतो: उसने घेतलेले नाव आशियाई माणसाचेच का? युरोपला सत्य सांगणारा दूरचा कोणी हवा होता, म्हणून तो बनवला गेला. उद्या अकोल्याची एखादी 'मुस्लिम मराठी लेखिका' अशीच बनवता येईल. तिच्या दुःखाचे कौतुक होईल, तिच्या कवितेवर सिद्धान्तही लिहिले जातील. आणि खरी लेखिका कापूस बाजारामागच्या मोहल्ल्यात आपले बाड सांभाळीत बसेल.

ही भीती पोकळ नाही. वऱ्हाडातल्या मुस्लिम स्त्रीच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहून दे, असे आम्ही यंत्राला सांगून पाहिले. मराठी स्वच्छ होती. 'गंगाजमनी संस्कृती' होती, 'बुरख्याआडची घुसमट' होती, शेवटी 'परंपरा आणि आधुनिकता यांचा सेतू' होता. जिनिंगमधली मजुरी नव्हती, शाळेत उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी बोलणारी जीभ नव्हती. ज्या संग्रहाविषयी काहीच सांगितलेले नव्हते, त्याविषयी 'आम्हांस वाटते' असे मात्र दोनदा होते. यंत्राला सर्वांत जास्त वेळा म्हटले गेलेले आधी सुचते. पुनरावृत्तीने ओळख घडत असेल, तर आमच्याविषयी इतरांनी वारंवार म्हटलेलेच आमची ओळख म्हणून परत येणार. आणि तेही आमच्याच 'आम्ही'त.

मग सहलेखन वाईट का? वऱ्हाडात तरी असे म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली, श्रीचक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्यांना विचारीत. मूळ पोथी हरवल्यावर ती आठवणीतून पुन्हा उभी केली गेली, आणि पाठ जुळेना तिथे हा हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, असे नावानिशी नोंदले गेले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ अनेकांचा आहे. पण बेनामी नाही. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तिच्यामागे उर्दूतली इस्लाहची रीत आहे: शागिर्दाचा शेर उस्ताद दुरुस्त करतो, आणि उस्ताद कोण ते सर्वांना ठाऊक असते. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरच्या नक्षबंदी खानकाहीतही शब्द सिलसिल्यानेच पुढे जातो.

हदीसच्या शास्त्रात मजकुराला मतन म्हणतात, आणि तो कोणाकडून कोणाकडे आला त्या साखळीला सनद. मतन कितीही सुंदर असो, सनद तुटकी असेल तर विद्वान थांबतात. सांगणाऱ्यांची पारख करण्यासाठी 'अस्मा-उर-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. मराठीत सनद म्हणजे अधिकारपत्र. दोन्ही अर्थ इथे लागू पडतात. यंत्राकडे मतन भरपूर आहे, सनद नाही. लाखो लोकांचे शब्द त्यात विरघळले आहेत, पण हिराइसेचे कोणते ते सांगता येत नाही. आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

तरीही यंत्राला हात लावू नका, असे आम्ही म्हणणार नाही. उर्दू माध्यमात शिकलेल्या अचलपूरच्या तरुणाला प्रमाण मराठीने आजवर दारातच अडवले. व्याकरणाच्या चुका दाखवून त्याचा विचारच नाकारला गेला. यंत्र त्याचा मुन्शी होत असेल तर होऊ द्यावे. मात्र मुन्शी अर्ज लिहितो, अंगठा पक्षकाराचा असतो. 'मले' आणि 'तुले' पुसून मुन्शीने सरकारी मराठी करून टाकली, तर पक्षकाराने ती परत मागावी.

म्हणून समीक्षेपुरते आमचे म्हणणे एवढेच. यंत्राची मदत घेतली असेल तर लेखातच सांगावे: काय विचारले, काय घेतले, काय टाकले. ज्या वाक्यात निवाडा आहे, म्हणजे हे साहित्य आहे, हे नाही, ही आमची लेखिका आहे, ते वाक्य माणसाने आपल्या नावाने लिहावे. कारण निवाडा ही माहिती नव्हे, कृती आहे. तिला साक्षीदार लागतात आणि मेहर द्यावा लागतो. यंत्र मजलिशीत बसून शब्द टिपून घेऊ शकेल. 'कबूल' आपल्यालाच म्हणावे लागेल.