जिताडा, बोय आणि चोरलेले भविष्य

गेल्या पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील एका शिक्षक शिबिरात एका बाईंनी विचारले, "सर, नर जिताड्याची मादी होते ती कारखान्यांच्या पाण्यामुळेच ना?" त्यांच्या हातात 'अवर स्टोलन फ्यूचर' या पुस्तकावरून केलेले टिपण होते. त्या निमित्ताने थिओ कोलबर्न, डायान डुमानोस्की आणि जॉन पीटरसन मायर्स यांचे १९९६ सालचे हे पुस्तक मी पुन्हा वाचले.

पुस्तकाचे ऋण मोठे आहे. रासायनिक प्रदूषण म्हणजे विषबाधा किंवा कर्करोग, एवढ्यावर थांबलेला विचार त्याने पुढे नेला. संप्रेरकांची नक्कल करणारे पदार्थ प्राण्याला न मारताही त्याच्या संततीची घडण बिघडवू शकतात, हे लेखकांनी रहस्यकथेच्या ओघात सांगितले आहे. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या प्रवाहात पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात, एरवी मादीत तयार होणारे अंड्याच्या बलकाचे प्रथिन सापडले. हा भाग वर्गात वाचून दाखवण्याजोगा आहे.

पण रहस्यकथेला एकच गुन्हेगार लागतो, आणि तेथेच अडचण येते. पुस्तकाचा सारा रोख कारखान्यांतील कृत्रिम रसायनांवर आहे. पुढे १९९८ साली ब्रिटिश संशोधकांना घरगुती सांडपाण्यात मुख्यतः माणसाच्या मूत्रातून येणारी नैसर्गिक इस्ट्रोजेने आणि गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेन आढळले. यॉर्कशायरमधील एअर नदीत मात्र लोकर धुण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांतून येणारे नोनिलफिनॉल दोषी होते. म्हणजे प्रत्येक प्रवाहाचा तपास वेगळा करावा लागतो. हे १९९६ साली लेखकांना ठाऊक नव्हते, हा त्यांचा दोष नाही. आज आपण ते न सांगता शिकवले, तर तो आपला दोष होईल.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. निसर्गतः लिंग बदलणारे मासे आणि बिघाडामुळे आंतरलिंगी झालेले मासे यांतील भेद वाचकाच्या मनावर पुरेसा ठसत नाही. जिताडा प्रथम नर म्हणून प्रजननक्षम होतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर, मादी होतो. भूमध्य समुद्राकाठच्या खाजण सरोवरांत आढळणारा गिल्टहेड ब्रीमही तसाच. हा त्यांचा जीवनक्रम आहे. उलट, बोय माशांत नर आणि मादी सामान्यतः वेगळेच असतात. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील उर्दाइबाई खाडीत, गेर्निका येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या खालच्या बाजूस, आपल्या बोयच्या जातभाईंतील काही नरांच्या वृषणात अंडपेशी आढळल्या. तो खरा बिघाड. आणि ही खाडी १९८४ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे. असा बिघाड बाहेरून दिसत नाही. वृषणाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. शिवाय तुलनेसाठी स्वच्छ पाण्यातील मासेही तपासावे लागतात, कारण ब्रिटनमध्ये रोच जातीचे थोडे आंतरलिंगी नर सांडपाण्यापासून दूरही सापडले होते.

शेवटी शीर्षकाविषयी. भविष्य चोरले गेले, असे पुस्तक म्हणते. कॅनडात ऑन्टारिओतील एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या काळात गोळीतील इस्ट्रोजेन लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम इतके मिसळण्यात आले. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा मात्रेने फॅटहेड मिनो हा लहान मासा तेथून जवळजवळ नाहीसा झाला. लेखकांची भीती अनाठायी नव्हती. परंतु मिसळणे थांबवल्यावर काही वर्षांत मासे पुन्हा वाढले. चोरीचा माल परतही मिळतो, जर झरा वेळीच बंद केला तर.

त्या बाईंना मी सांगितले, "जिताड्यावरून खाडीला दोष देऊ नका, पण म्हणून खाडी निर्दोष ठरत नाही. त्यासाठी बोय तपासायला हवी." शिक्षकांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, आणि मुलांना त्यातील उत्तरांपेक्षा त्यातील प्रश्न द्यावेत.