संसारातील पालुपद

दांपत्यजीवनातील मोठ्या संघर्षांची दखल साहित्याने वेळोवेळी घेतली आहे. परंतु सहवास असह्य करणारी कारणे पुष्कळदा अगदी क्षुल्लक असतात. जोडीदाराच्या बोलण्यातील एखादे पालुपद हे त्यांपैकीच एक. या क्षुल्लकाचे नाट्यमूल्य इब्सेनने नेमके हेरले होते.

१८९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेडा गाब्लर’ या नाटकातील टेसमन हा मध्ययुगीन गृहोद्योगांचा अभ्यासक. माणूस सालस, आत्यांवर माया करणारा. त्याला बोलण्याच्या दोन सवयी आहेत : नवल वाटले की ‘बघ बरे!’ अशा अर्थाचा उद्गार, आणि वाक्याच्या शेवटी ‘काय?’ ही पृच्छा. आजारी आत्याने भरतकाम केलेल्या जुन्या सपाता हाती येतात तेव्हा जो उद्गार निघतो, तोच पत्नीने स्वतःवर गोळी झाडल्यावरही निघतो. सुखदुःखाचा तोल या माणसाच्या वाणीला ठाऊकच नाही. शिवाय त्याची ‘काय?’ ही पृच्छा उत्तरासाठी थांबत नाही, आणि ती आत्या, मित्र व पत्नी यांना सारखीच केली जाते. हेडाचा जीव विटतो तो येथे. बोलणे आपल्याशी चालले आहे, पण ते आपल्यासाठी नाही, अशी ही जाणीव आहे.

‘बाहुलीचे घर’ (१८७९) या नाटकातील हेल्मर पत्नीला पाखरू, खार अशी लाडकी नावे देतो. नोरा आरंभी ती नावे स्वतःच उच्चारून पतीकडून काम साधू पाहते. हेडा पतीची लकब उचलते ती केवळ उपहासासाठी. चौथ्या अंकात ती त्याच्याच स्वरात त्याची विचारपूस करते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात सारे संपते.

प्रस्तुत लेखकाने या नाटकाचा मराठी खर्डा करताना एक चूक केली. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले आहे. त्या संस्काराने निम्मे ‘काय?’ गाळले. संवाद सफाईदार झाले खरे, पण हेडा अकारण दुष्ट वाटू लागली. शब्द परत घातले तरी अडचण उरलीच. कारण मराठी बोलण्यात ‘काय?’ इतके सहज येते की ते कानाला खुपत नाही. अखेरीस ‘नाही का?’ हे पालुपद पसंत केले आणि ते एकदाही बदलले नाही. ते वाचकाला कंटाळवाणे वाटले, तरच पत्नीचा कान त्याला लाभेल.

मात्र एवढ्यावरून टेसमनला अपराधी ठरविणे अन्यायाचे होईल. स्वतःचे पालुपद स्वतःला कधीच ऐकू येत नाही. त्या उद्गारांत ओशटपणा असेल, पण जिव्हाळाही आहे. हेडाला तो ऐकू येत नाही, ही तिचीही उणीव आहे. एकाचे न ऐकणारे तोंड आणि दुसरीचे फक्त दोष टिपणारे कान, यांच्यामध्ये एक घर उद्ध्वस्त होते. अनुवादकाने कोणाचीही बाजू न घेता त्या दोघांनाही बोलू द्यावे, एवढेच त्याचे काम आहे.