निखाऱ्यांजवळचे तीन प्रश्न

पास्काकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ‘क’ वर्षात, मिस्सेच्या वाचनात योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय येतो. वाचनग्रंथाने त्याची दोन रूपे दिली आहेत. दीर्घ रूप एकोणिसाव्या वचनापर्यंत जाते, तर संक्षिप्त रूप चौदाव्या वचनाशी थांबते. संक्षिप्त रूप निवडले की जाळे भरते, न्याहारी उरकते, आणि पेत्राशी झालेले बोलणे मात्र राहून जाते. वेळेच्या सोयीसाठी दिलेल्या या सवलतीविषयी माझी तक्रार अशी की, ज्या गोष्टीसाठी हा अध्याय लिहिला गेला असावा, नेमकी तीच तिच्यामुळे गळते.

विसाव्या अध्यायाची शेवटची दोन वचने वाचताना ग्रंथ तेथेच संपला असे कोणालाही वाटेल. त्यामुळे एकविसावा अध्याय मागाहून जोडलेला असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ते मान्य केले तरी प्रश्न उरतोच: तो जोडावा असे का वाटले? योहानाच्या वृत्तांतात पेत्र तिसऱ्यांदा नाकारतो, कोंबडा आरवतो आणि पडदा पडतो. इतर तिघांनी सांगितलेले पेत्राचे रडणे योहान सांगत नाही. पुढे पेत्र रिकाम्या कबरीकडे धावतो, इतरांबरोबर उठलेल्या प्रभूला पाहतो. परंतु त्या रात्रीविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. शुभवर्तमान विसाव्या अध्यायाशीच संपले असते, तर योहानाचा पेत्र अंगणातल्या त्या रात्रीचा हिशेब न देताच राहिला असता.

त्या रात्रीचा उल्लेख लेखक उघडपणे करीत नाही. तो विस्तव मांडतो. कोळशाच्या विस्तवाला येथे वापरलेला ग्रीक शब्द ‘अँथ्राकिया’ संपूर्ण नव्या करारात दोनदाच आढळतो. एकदा मुख्य याजकाच्या अंगणात, जेथे थंडीमुळे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले (१८:१८), आणि दुसऱ्यांदा तिबिर्य सरोवराच्या काठी (२१:९). मराठी वाचनात एके ठिकाणी ‘शेकोटी’ व दुसरीकडे नुसता ‘विस्तव’ असे ऐकू आले, तर श्रोत्यांना हा धागा दिसणार नाही. धर्मशिक्षकाने तो हाताने दाखवून दिला पाहिजे. पेत्राला जेथे परत घेतले गेले, तेथे त्याच्या नाकाला त्याच कोळशाच्या धुराचा वास येत होता.

आपल्या व्यासपीठांवरून मात्र या धाग्याऐवजी दुसऱ्याच एका गोष्टीवर भर दिला जातो. प्रभू दोनदा ‘अगापान’ हे क्रियापद वापरतो, पेत्र ‘फिलेइन’ने उत्तर देतो, आणि तिसऱ्या वेळी प्रभू पेत्राच्या शब्दावर उतरतो. पहिले दैवी प्रेम, दुसरे मानवी स्नेह; देव आपल्या पायरीवर खाली येतो, असा निष्कर्ष. एकोणिसाव्या शतकात ट्रेंच व वेस्टकॉट यांसारख्या इंग्रज पंडितांनी या भेदाला वजन दिले, आणि मराठीत ‘प्रीती’ व ‘प्रेम’ अशी जोडी लावून तो दाखविण्याचा मोह आपल्याला होतो. हे विवेचन ऐकायला गोड आहे, पण ग्रंथ त्याला आधार देत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान एकदा ‘अगापान’ने सांगतो (३:३५), तर एकदा ‘फिलेइन’ने (५:२०). माणसांनी अंधाराची आवड धरली, तेथेही ‘अगापान’च आहे (३:१९). अम्नोनाला तामारेविषयी वाटलेल्या पापी वासनेसाठी सेप्टुअजिंटने तेच क्रियापद योजले आहे. संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या चौदाव्या भागात याच संवादाचा दाखला देऊन असा भेद करता येत नाही, हे दाखविले. आणि सिरियाक पेशित्तात तिन्ही प्रश्नोत्तरांत एकच धातू आहे. योहानाला समानार्थी शब्द आलटून पालटून वापरण्याची सवय आहे. याच संवादात तो ‘कोकरे’ व ‘मेंढरे’ यांतही अदलाबदल करतो, पण त्यावर कोणी प्रवचन बेतीत नाही!

पेत्राला दुःख का झाले, ते वचन स्वतःच सांगते: तिसऱ्यांदा विचारले म्हणून. आकडा जखमेवर नेमका पडला. पहिल्या प्रश्नातील ‘यांच्यापेक्षा अधिक’ हे शब्दही असेच झोंबणारे आहेत. सारे अडखळले तरी मी अडखळणार नाही, अशी त्याची प्रौढी मत्तय व मार्क यांनी नोंदविली आहे. आता तो ‘अधिक’ला स्पर्शही करीत नाही. स्वतःच्या प्रेमाची साक्ष तो स्वतः देत नाही, ती प्रभूच्या ज्ञानावर सोपवितो. शिवाय प्रभूने दिलेले ‘केफा’ हे नाव येथे प्रभूच्या तोंडी नाही. तिन्ही वेळा संबोधन येते ते योहानाचा पुत्र शिमोन असे, म्हणजे पहिल्या भेटीतले (१:४२).

या वचनांवर पोपच्या अधिकाराची बाजू मांडली गेली, १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही ती उद्धृत केली, आणि प्रॉटेस्टंट पंडितांनी त्यांचा प्रतिवाद केला. त्या वादात मला येथे शिरावयाचे नाही. एवढेच म्हणतो की, दोन्ही पक्षांच्या गलबल्यात पडलेल्या माणसाकडे थोडे दुर्लक्ष झाले. ‘पुनःस्थापना’ हा आपला रूढ शब्दही येथे अपुरा पडतो. हललेली मूर्ती पुन्हा चौथऱ्यावर बसवावी तसा त्याचा ध्वनी आहे. पेत्राला जुन्या जागी बसविले गेले नाही. त्याच्या हाती दुसऱ्याची मेंढरे दिली गेली. ‘माझी’ या सर्वनामावर ऑगस्टीनचा भर आहे तो याचसाठी.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न फार लवकर प्रत्यक्षात सोडवावा लागला. २५० साली सम्राट डेसियसच्या छळात पुष्कळांनी देवतांना बळी अर्पण केले आणि छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममध्ये नोव्हेशियनने दार लावले. कार्थेजमध्ये काहींना कसलीही विचारपूस न करता आत घेण्याची घाई झाली होती. बिशप सिप्रियनने दोन्हींना विरोध केला: प्रायश्चित्त हवे, आणि त्यानंतर प्रवेशही हवा. आपल्या धर्मग्रामांत आजही या दोन्ही जाती भेटतात. संकटात धर्म झाकून ठेवणारा किंवा लाजिरवाण्या प्रकरणानंतर दूर झालेला कोणी परत आला, की एकतर ‘झाले गेले विसरा’ म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो, नाहीतर त्याला जन्मभर शेवटच्या बाकावर बसवितो. पहिल्या प्रकारात विस्तव पेटत नाही, दुसऱ्यात मेंढरे सोपविली जात नाहीत. प्रभूने आधी न्याहारी दिली, हा क्रमही आपण क्वचितच पाळतो.

दीर्घ वाचनही एकोणिसाव्या वचनाशी, ‘माझ्यामागे ये’ या आज्ञेपाशी संपते. पुढचे वाक्य रविवारी ऐकू येत नाही. पेत्र निघतो, आणि लगेच मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बोट करून विचारतो की, याचे काय? प्रभू त्याला झटकून टाकतो आणि तीच आज्ञा पुन्हा देतो.