बंदिवासातील पुराण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला एखादे प्रकरण मिळते, पुष्कळदा एखादा परिच्छेदच मिळतो. ग्रंथकर्ता इंग्रज होता, ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला आणि त्यात मराठी भाषेची विख्यात स्तुती आहे, एवढे तीन मुद्दे तेथे येतात. स्तुतीच्या त्या चार ओव्या विद्यार्थ्याला बहुधा पाठ असतात. उरलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्यांत काय आहे, हे मात्र त्याला सांगता येत नाही. परक्याने केलेल्या कौतुकाने सुखावलेल्या या वाचनात एक मूलभूत प्रश्न निसटून जातो. हे पुराण प्रत्यक्षात वाचले कोणी, कोठे आणि कोणत्या प्रसंगी? या प्रश्नाचा माग काढू लागल्यास अभ्यासकाला गोमंतकातून कानडा किनाऱ्यावर आणि तेथून घाट चढून म्हैसूरनजीकच्या श्रीरंगपट्टणास यावे लागते.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत काढला. ही साष्टी शांत नव्हती. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडण्यात आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे जेझुइट धर्मगुरूंची हत्या झाली होती. जुन्या पुराणांच्या वाचनावर बंदी आली होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच हा संदर्भ उघडपणे येतो. नवा धर्म स्वीकारलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की पूर्वीची पुराणे तर तुम्ही काढून घेतली, मग त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही? ग्रंथाचा जन्म असा एका उणिवेतून झाला आहे, आणि ती उणीव सत्तेने निर्माण केलेली आहे. या रचनेतील भाषाप्रेमाचा गौरव करताना ही वस्तुस्थिती नजरेआड करणे समीक्षेला शोभणारे नाही. त्याचबरोबर एवढ्यावरच ग्रंथाचा निकाल लावणेही पुरेसे नाही. कारण ब्राह्मणाच्या त्या मागणीत श्रोत्याची स्वतःची अभिरुची बोलते आहे. त्याला प्रश्नोत्तरांची शिकवण पुरत नाही, त्याला कथा हवी आहे, आणि ती ओवीतच हवी आहे.

स्टीफन्स यांनी ती मागणी पूर्ण गांभीर्याने घेतली. ‘पैले पुराण’ छत्तीस अवस्वरांचे असून त्यात हिब्रू धर्मग्रंथातील विश्वोत्पत्तीपासूनचा इतिहास येतो. ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरांचे असून त्याचा विषय ख्रिस्तचरित्र हा आहे. वक्ता आणि श्रोता यांची मांडणी, मंगलाचरण, कथेतून निघणारे निरूपण, श्रोत्याच्या शंका आणि त्यांचे समाधान ही सारी चौकट मराठी पुराणकवीची आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना हा कवी अडखळत नाही. दुसरीकडे ख्रिस्ती उपासनेतील कित्येक संज्ञा त्याने पोर्तुगीज आणि लॅटिन रूपांतच ठेवल्या. परिणामी एकाच ओवीत दोन शब्दसृष्टी शेजारी नांदतात. जस्टिन अॅबट यांनी १९२३ मध्ये लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्यात परभाषी संज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. अॅबट यांनी ही देवनागरी संहिताच मूळ मानली. पुढील अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या. हा वाद केवळ पाठभेदांचा नाही. परका विचार मराठीत आणताना त्याचे परकेपण राखावे की पुसून टाकावे, हा भाषांतराचा सनातन प्रश्न या दोन संहितांच्या रूपाने समोर उभा राहतो.

काव्य म्हणून या ग्रंथाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. सिद्धान्तनिरूपण लांबले की ओवी जड होते, आणि श्रोत्याच्या शंका कधीकधी उत्तरासाठीच निर्माण केल्यासारख्या वाटतात. मात्र कथा हाती लागली की हाच कवी मोकळा होतो. भावांनी विकलेला योसेफ, मिसर देशातील वेठबिगारी, मोशेच्या नेतृत्वाखालील निर्गमन हे प्रसंग ओवीच्या चालीत सहज उतरतात, कारण संकट, धावा आणि सुटका हा क्रम मराठी श्रोत्याच्या कानाला पूर्वीपासून परिचित होता. गजेंद्र आणि प्रल्हाद यांच्या आख्यानांवर वाढलेल्या श्रोत्याला मोशे फार दूरचा वाटण्याचे कारण नव्हते.

ग्रंथाच्या पुढच्या प्रवासात मोठी विसंगती आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि ज्या राजवटीच्या आश्रयाने हे पुराण रचले गेले, तिच्याच छायेत त्याला उतरती कळा लागली. सतराव्या शतकातील या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या आधाराने. धर्मन्यायालयाची दहशत, लढाया आणि दुष्काळ यांमुळे गोमंतकातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो कानडा प्रांतात नेला, उतरवून घेतला आणि घरांत व चर्चमध्ये गायला. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथून जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तिचा आधार अशी हस्तलिखितेच होती. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती त्याच आवृत्तीवर उभी आहे. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती हे काव्य आले, ते घरी कोकणी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या समाजाच्या जपणुकीमुळे.

या समाजाची कठोर परीक्षा १७८४ मध्ये झाली. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांस साहाय्य केले, असा टिपू सुलतानाचा आरोप होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, उपवासकाळाच्या प्रारंभीच, त्यांना पकडून घाटमार्गे श्रीरंगपट्टणास नेण्यात आले. बंदिवानांची संख्या निरनिराळी सांगितली जाते. ती काही दहा हजारांच्या घरात होती, याविषयी दुमत नाही. वाटेत आणि बंदिवासात पुष्कळ दगावले, अनेकांचे सक्तीने धर्मांतर झाले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडल्यावर उरलेल्यांची सुटका झाली. मंगळूरकडील परंपरा सांगते, की या पंधरा वर्षांत बंदिवानांना ‘ख्रिस्तपुराणा’च्या गायनाने धीर दिला. ही समाजस्मृती आहे, दप्तरातील नोंद नव्हे. तरीही वाङ्मयाच्या इतिहासात तिचे मोल कमी नाही, कारण आपल्या संकटकाळाशी कोणता ग्रंथ जोडावा, हे समाज विचारपूर्वक ठरवीत असतो.

या घटनेचा उपयोग एका धर्माला दोषी आणि दुसऱ्याला निर्दोष ठरविण्यासाठी करता येत नाही. १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला तो मराठी फौजेबरोबरच्या लोकांनी, आणि त्याच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठविले ते टिपूने. गोमंतकात पुराणे बंद करणारी सत्ता ख्रिस्ती होती आणि श्रीरंगपट्टणात पुराण उराशी धरणारे बंदिवानही ख्रिस्तीच होते. ग्रंथ तोच राहिला, पण विजेत्यांच्या प्रदेशात सांगितलेली निर्गमनकथा आणि बंदिवानांच्या छावणीत गायलेली निर्गमनकथा यांचा अर्थ एक असू शकत नाही. साष्टीत ती उपदेशाचा भाग होती. कावेरीच्या बेटावर ती प्रार्थना झाली. काव्याचा अर्थ संहितेत जितका असतो, तितकाच तो म्हणणाऱ्याच्या परिस्थितीत असतो, याचे याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

याच बंदिवासाच्या इतिहासात मराठीच्या दुसऱ्या एका धर्मपरंपरेची वाट येऊन मिळते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनीच्या सैन्यातील अधिकारी याच युद्धात टिपूच्या हाती सापडले. समाजात सांगितली जाणारी कथा अशी, की हे कैदी बेने इस्राएल आहेत असे कळल्यावर टिपूच्या मातेने त्यांच्यासाठी रदबदली केली. कुराणात ज्यांचे नाव वाचले, ते लोक तिला प्रथमच दिसत होते. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा दिवेकरांचा नवस होता, आणि १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी बांधलेले ‘शाआर हारहमीम’ म्हणजेच ‘दयेचे द्वार’ हे सभास्थान त्या नवसाची खूण म्हणून ओळखले जाते. ‘नवस’ हा शब्दच येथे बोलका आहे. हिब्रू विधींची नवी ओळख करून घेणारा हा समाज आपली कृतज्ञता कोकणच्या भाषेत व्यक्त करीत होता.

मिसरमधून झालेल्या सुटकेचे आख्यान हे यहुदी धर्मजीवनाचे केंद्र आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचली जाणारी ‘हगादा’ मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू व मराठी अशी शेजारी शेजारी छापली गेली. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी या समाजात कीर्तनाची प्रथा रुजविली आणि हिब्रू धर्मग्रंथातील चरित्रे पद आणि निरूपण यांच्या गुंफणीतून सांगितली जाऊ लागली. स्टीफन्स यांनी ओवीत सांगितलेले योसेफ आणि मोशे यांचे वंशज आता स्वतः मराठीत बोलू लागले.

या दोन रूपांतील भेद समीक्षेने नीट पाहिला पाहिजे. ‘पैल्या पुराणा’त हिब्रू इतिहास हा येणाऱ्या तारकाची वाट पाहतो, मोशेची कथा दुसऱ्या पुराणाकडे बोट दाखविते आणि तेथे पूर्ण होते. बेने इस्राएलांच्या हगादेत किंवा कीर्तनात ती कशाचीही पूर्वसूचना नाही. ती पूर्वजांची हकिगत आहे आणि दर वर्षी आपणच मिसरमधून बाहेर पडलो अशा भावनेने तिचे स्मरण करावयाचे असते. एकाच कथेचे हे दोन परस्परविरोधी अर्थ मराठीने सामावून घेतले, आणि त्यांपैकी एकालाही तिने परभाषेत ढकलले नाही. भाषेचे सामर्थ्य स्तुतीच्या चार ओव्यांपेक्षा येथे अधिक खात्रीने सिद्ध होते.

१९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांचा मराठी अनुवाद प्रसिद्ध झाल्यामुळे ‘ख्रिस्तपुराण’ मिळत नाही, ही सबब आता उरलेली नाही. उरले आहे ते वाचन. निवडक वेच्यांच्या संग्रहांतून भाषास्तुतीबरोबर निर्गमनाच्या ओव्याही विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या गेल्या आणि त्यांच्या शेजारी बेने इस्राएल कीर्तनांतील आख्यान ठेवले गेले, तर मराठी संतकाव्याच्या लगतचा एक मोठा प्रदेश उजेडात येईल. त्या प्रदेशाची वेस केवळ कोकणात वा गोमंतकात नाही. म्हैसूरहून तासाभराच्याही आत गाठता येणाऱ्या, कावेरीने वेढलेल्या त्या पडक्या तटबंदीपाशीही ती आहे. तेथे मराठीत छापलेले पान निघाले नाही. मात्र आपल्या घरापासून तोडलेल्या माणसांनी ज्या भाषेत सुटकेची कथा आठवली, ती भाषा पुराणाच्या ओवीची होती.