मे-समितीचा आंकडा

इसवी सन १९३१ च्या ऑगस्टांत इंग्लंडचें मजूरपक्षीय मंत्रिमंडळ कां मोडलें, या प्रश्नास अनेक ग्रंथकार एका आंकड्यानें उत्तर देतात : १२ कोटी पौंडांची अंदाजी तूट. सर जॉर्ज मे यांच्या समितीनें ती ३१ जुलै रोजीं प्रसिद्ध केली आणि पुढील ग्रंथांतून ती जशीच्या तशी उतरून घेतली गेली. आमची तक्रार या उतरून घेण्याविषयीं आहे. जुन्या दफ्तरांतील जमाखर्चाचा कागद हातीं आला, तर कोणती रक्कम कोठें मांडली हें पाहिल्यावांचून आम्ही बेरजेवर विश्वास ठेवीत नाहीं. लंडनच्या कागदास निराळा न्याय कां?

या समितीनें राष्ट्रीय ऋणाच्या फेडीसाठीं ठेवावयाचे सुमारें ५ कोटी पौंड तुटींत धरले. बेकारी-विमा निधीसाठीं काढावयाचें कर्जही चालू खर्चांत मिळविलें. जुनें कर्ज फेडणें आणि घरखर्च न भागणें या दोन गोष्टी एक नव्हेत. सुचविलेल्या काटकसरीपैकीं सुमारें दोन तृतीयांश बेकारांच्या माथीं मारली होती, आणि शिक्षकांच्या वेतनांत २० टक्के कपात सुचविली होती. हें दुसरें कलम वाचतांना आमचें मन तटस्थ राहिलें नाहीं, हें कबूल केलेलें बरें. समितीच्या दोन मजूरपक्षीय सभासदांनीं आपलें भिन्न मत स्वतंत्रपणें नोंदविलें, त्याची दखल मात्र फारशी घेतली जात नाहीं.

तथापि सोनें बाहेर जाऊं लागलें तें केवळ या अहवालामुळें, असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. व्हिएन्नाची क्रेडिट-आन्स्टाल्ट पेढी त्यापूर्वींच अडचणींत आली होती, आणि १३ जुलैस बर्लिनच्या डानाट बँकेनें दारें लावलीं. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं लंडनमध्यें मॅकमिलन-समितीचा अहवाल निघाला. त्याच्या एका पुरवणींत केन्स, बेव्हिन, मॅक्केना प्रभृतींनीं सार्वजनिक बांधकामें व आयातीवर जकात यांची शिफारस केली होती. अठरा दिवसांच्या अंतरानें निघालेले हे दोन कागद शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत : एक खर्च छाटावयास सांगतो, दुसऱ्याची पुरवणी कामें काढावयास सांगते. सुवर्णपरिमाण सोडा, असें मात्र दोहोंतही नाहीं! केन्सला त्या जुलैंतच पुढचें सर्व दिसत होतें असें मानणाऱ्या भक्तांनीं हें ध्यानीं घ्यावें.

२३ ऑगस्टला बेकारांच्या भत्त्यांतील १० टक्के कपातीवर मंत्रिमंडळ ११ विरुद्ध ९ असें दुभंगलें. दुसऱ्या दिवशीं मॅक्डोनल्ड यांचें राष्ट्रीय सरकार आलें. कपात झाली. इन्व्हर्गॉर्डन येथें नाविकांनीं पगारकपातीविरुद्ध काम नाकारलें, आणि त्या बातमीनें सोन्याचा ओघ उलट वाढला. २१ सप्टेंबरला सुवर्णपरिमाण सुटलेंच. तुटीचें भय हेंच सोनें जाण्याचें मूळ कारण असतें, तर ती भरून काढण्याची तजवीज झाल्यावर सोनें कां राहिलें नाहीं, याचा खुलासा १२ कोटींचा आंकडा उतरून घेणाऱ्यांनीं केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याच महिन्यांत आमचा रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दरानें स्टर्लिंगशीं बांधला गेला, आणि मुंबई बंदरांतून सोन्याच्या पेट्या विलायतेच्या वाटेस लागल्या.